इन्सुलिनची बाटली आणि हराम-हलालचा प्रश्न

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मराठवाड्यातल्या आमच्या गावी तेव्हा घरात फ्रिज नव्हता. खालाची इन्सुलिनची बाटली पाण्याच्या माठाशेजारी, ओलं फडकं गुंडाळलेल्या एका छोट्या मडक्यात ठेवलेली असे. आम्हा मुलांनी तिकडे फिरकायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. खाला रोज सकाळी काचेची सिरिंज पाण्यात उकळून घेई आणि न्याहारीच्या आधी स्वतःच मांडीत सुई टोचून घेई.

एक दिवस शेजारच्या एका बाईंनी तिला विचारलं, “उसमें सुअर का माल रहता, मालूम नहीं क्या तुमको?” खालानं त्याच दुपारी बाटली मोरीत ओतली. घरात कुणाला काही बोलली नाही. सकाळी सिरिंज उकळायची, आत जायची आणि तशीच बाहेर यायची. तीन महिन्यांनी पायाला चप्पल लागल्याचं निमित्त झालं. जखम भरेना, मग काळी पडली. शहरातल्या इस्पितळात दोन बोटं काढावी लागली.

तिला भेटायला मशिदीचे पेशइमाम आले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, “आपा, जान बचाना फर्ज है. दवा लो. सवाल हुआ तो जवाब मैं दूँगा.” खालानं पुन्हा इन्सुलिन सुरू केलं आणि पुढं बारा वर्षं जगली.

खूप वर्षांनी इन्सुलिनचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आलं की, त्या बाटलीत नेमकं काय होतं हे आमच्या घरात कुणी कधी वाचलंच नव्हतं. त्या काळात भारतात गाय-बैलाच्या स्वादुपिंडापासून काढलेलं इन्सुलिन सर्रास वापरलं जाई. म्हणजे खालाच्या बाटलीत डुक्कर नसण्याचीच शक्यता जास्त होती. तालुक्याच्या त्याच औषध दुकानातून आमच्या गल्लीतले एक शाकाहारी शेठही तीच बाटली नेत. तिच्यात काय आहे, हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. या एका बाटलीनं धर्म, श्रद्धा, अफवा आणि जीव यांचा केवढा मोठा गुंता आपल्या पोटात घेतला आहे, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

उपाशी ठेवून जगवण्याचा काळ

मधुमेह हा आजार नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये मधुमेहाचं वर्णन आहे. रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे भारतीय वैद्यांना फार आधीपासून माहीत होतं. अकराव्या शतकात इब्न सिनानं ‘अल-कानून फित-तिब्ब’ या ग्रंथात गोड लघवी, अनावर भूक आणि अवयव सडणं ही लक्षणं नोंदवली. युनानी हकीम या आजाराला ज़ियाबेतिस म्हणत. आपल्या मोहल्ल्यात मात्र त्याचं नाव ‘शक्कर की बीमारी’ किंवा नुसतंच ‘शुगर’.

आजार ओळखता येत होता, पण त्याचं मूळ कुठं आहे ते कळत नव्हतं. १८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे बेटांसारखे वेगळे पुंजके दिसले. त्यांचं काम काय, हे त्याला सांगता आलं नाही. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग इथं ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर त्याला मधुमेह झाला. धागा हाती लागला. स्वादुपिंडातल्या त्या बेटांमध्ये असं काहीतरी तयार होतं, जे रक्तातली साखर शरीराच्या कामी लावतं. बेटासाठी लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ हा शब्द आहे. इन्सुलिन हे नाव त्यावरूनच पडलं.

पण ‘ते काहीतरी’ बाहेर काढणं पुढची तीस वर्षं कुणाला नीट साधलं नाही. स्वादुपिंडातच पाचक रसही असतात आणि अर्क काढताना तेच त्या नाजूक द्रव्याचा नाश करतात. तोवर लहान मुलांना होणारा मधुमेह, ज्याला आज आपण टाइप १ म्हणतो, म्हणजे मृत्यूच. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी रुग्णांना जवळजवळ उपाशी ठेवायची पद्धत आणली. साखर तयार होईल असं काही पोटात जाऊच द्यायचं नाही. त्यानं काही मुलं थोडी जास्त जगली, पण हाडांचा सापळा होऊन. आईबापांपुढं दोनच वाटा होत्या : मूल आजारानं जाऊ द्यायचं किंवा भुकेनं.

टोरोंटोतला एक उन्हाळा

ऑक्टोबर १९२० मध्ये कॅनडातल्या लंडन या गावी फ्रेडरिक बँटिंग नावाचा एक तरुण सर्जन आपला दवाखाना चालेना म्हणून हवालदिल झाला होता. महायुद्धात जखमी होऊन परतलेला हा माणूस पोटापाण्यासाठी शिकवण्याचं कामही करत होता. एका रात्री व्याख्यानाच्या तयारीत स्वादुपिंडावरचा एक लेख वाचताना त्याला एक कल्पना सुचली. ती घेऊन तो टोरोंटो विद्यापीठातल्या प्रा. जॉन मॅकलॉइड यांच्याकडं गेला. मॅकलॉइड यांना फारसा भरवसा नव्हता, तरी त्यांनी प्रयोगशाळा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीला दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झालं. उन्हाळाभर उकाड्यात कुत्र्यांवर प्रयोग चालले. बरीच कुत्री दगावली, काहींच्या रक्तातली साखर मात्र अर्कानं खाली आली. वर्षअखेरीस जेम्स कॉलिप हे जीवरसायनतज्ज्ञ येऊन मिळाले.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई देण्यात आली. त्याचं वजन जेमतेम २९ किलो होतं. अर्क बैलाच्या स्वादुपिंडाचा होता आणि अशुद्ध होता. साखर थोडीशीच उतरली, वर सुईच्या जागी गळू झालं. उपचार थांबवले गेले. पुढचे बारा दिवस कॉलिप अर्क शुद्ध करण्याच्या मागं लागले. २३ जानेवारीला पुन्हा सुई दिली आणि या वेळी मुलाच्या लघवीतली साखर जवळपास नाहीशी झाली. अंथरुणाला खिळलेला लिओनार्ड उठून बसला. तो आणखी १३ वर्षं जगला आणि १९३५ मध्ये न्यूमोनियानं गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज टोरोंटोला आली. तीन वर्षं ॲलन यांच्या उपासमारीच्या आहारावर राहून पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचं वजन २० किलोच्या आसपास उरलं होतं. इन्सुलिन सुरू झालं आणि ती पोटभर जेवू लागली. पुढं तिनं शिक्षण घेतलं, लग्न केलं, मुलं वाढवली आणि १९८१ पर्यंत जगली. आयुष्यभरात चाळीस हजारांहून अधिक सुया टोचून घेतलेली ही बाई आपला आजार मात्र लोकांपासून लपवत राहिली. आपल्याकडंही शुगर लपवणारे कमी नाहीत, विशेषतः लग्नाच्या मुली असलेल्या घरांत.

१९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅकलॉइड यांना मिळालं. बँटिंग यांनी आपली रक्कम बेस्टबरोबर वाटून घेतली, तर मॅकलॉइड यांनी कॉलिपबरोबर. त्यांच्यात आपसात भांडणं बरीच झाली, श्रेयावरून कटुता राहिली. पण एका बाबतीत या मंडळींचं वागणं आजही मान खाली घालायला लावतं. इन्सुलिनचं पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी टोरोंटो विद्यापीठाला विकलं. किंमत होती प्रत्येकी एक डॉलर. डॉक्टरनं औषधाच्या पेटंटवर नाव लावणं वैद्यकीच्या शपथेत बसत नाही, म्हणून बँटिंग यांचा तर सुरुवातीला नाव घालायलाच विरोध होता. हेतू एवढाच की, कुणी एकानं हे औषध आपल्या तिजोरीत बंद करू नये.

गाय, डुक्कर आणि काडतुसं

आता प्रश्न होता, एवढं इन्सुलिन आणायचं कुठून? उत्तर होतं, कत्तलखान्यातून. अमेरिकेतल्या एली लिली कंपनीनं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. पाव किलोहूनही कमी, म्हणजे आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त डुकराचे अवयव लागत. डेन्मार्कमध्ये ऑगस्ट क्रो यांनी टोरोंटोकडून परवाना घेऊन उत्पादन सुरू केलं. त्यांची पत्नी मारी स्वतः डॉक्टर होती आणि स्वतः मधुमेहीही. डेन्मार्कमध्येच १९३६ साली हागेडॉर्न यांनी माशापासून मिळणारं एक प्रथिन मिसळून जास्त वेळ टिकणारं इन्सुलिन तयार केलं. गाय, डुक्कर आणि मासा असे तिघेही माणसाच्या मदतीला आले. एली लिलीच्या ‘इलेटिन’ इन्सुलिनमध्ये तर अनेक दशकं गाय-बैल आणि डुक्कर दोन्हींचा अर्क एकत्र असे.

गाय आणि डुक्कर एकत्र, हे शब्द ऐकले की भारतीय माणसाला १८५७ आठवल्याशिवाय राहत नाही. एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, अशी बातमी छावण्यांत पसरली. मेरठमध्ये ८५ घोडेस्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. त्यांना बेड्या ठोकल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी, उठावाची ठिणगी पडली.

मग शतकभरानंतर याच दोन प्राण्यांचा अर्क हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही शरीरात रोज जाऊ लागला, तेव्हा असं काही का झालं नाही? याचं उत्तर मला त्या दोन प्रसंगांतल्या फरकात दिसतं. काडतूस दातानं तोडायला लावणारी होती परकी सत्ता. त्यात शिपायाचा जीव वाचणार नव्हता, उलट त्याच्या श्रद्धेची किंमत शून्य आहे हे त्याला दाखवलं जात होतं. सुई देणारा मात्र आपलाच डॉक्टर होता, आणि ती घेतली नाही तर माणूस मरणार होता. जबरदस्तीला नकार देणं आणि जीव वाचवण्यासाठी होकार देणं, या दोन्हींत श्रद्धेचा अपमान नाही. पेशइमाम साहेबांनी खालाला जे सांगितलं, ते याहून वेगळं नव्हतं.

इस्लामी फिकहमध्ये यासाठी जुना आणि सर्वमान्य नियम आहे : अत्यंत निकड, म्हणजे ‘जरूरत’ असेल तर एरवी निषिद्ध असलेली गोष्टही तेवढ्यापुरती मुभेची होते. भुकेनं मरायची वेळ आली तर मनाई असलेलं अन्न खाणाऱ्यावर गुन्हा नाही, हे तर कुरआनच सांगतो. १९९५ मध्ये कुवेतमध्ये इस्लामी विद्वान आणि डॉक्टरांचा परिसंवाद झाला. तिथं याच नियमाच्या आधारे डुकरापासून काढलेलं इन्सुलिन मधुमेहींना उपचारासाठी घेता येईल, असं स्पष्ट करण्यात आलं. म्हणजे खालाच्या मनातल्या शंकेला शास्त्रात उत्तर होतं, फक्त ते तिच्यापर्यंत वेळेत पोचलं नाही. अफवा मात्र पोचली.

शांघायची म्हैस

जीव वाचवायचा ठरवलं तर माणूस कुठवर जातो, याचं उदाहरण म्हणून मी इव्हा सॅक्सल यांची गोष्ट नेहमी सांगतो. नाझींच्या छळापासून जीव वाचवून चेकोस्लोव्हाकियातलं हे ज्यू जोडपं शांघायला पोचलं. तिथं इव्हाला मधुमेह झाला. डिसेंबर १९४१ नंतर जपानी लष्करानं शहरावर पूर्ण ताबा मिळवला आणि औषधांची दुकानं बंद झाली. काळ्या बाजारातलं इन्सुलिन परवडेना, भेसळीची भीती वेगळीच. शेवटी इव्हा आणि तिचा नवरा व्हिक्टर यांनी वैद्यकाच्या एका पुस्तकातली कृती वाचून स्वतःच इन्सुलिन काढायचं ठरवलं. दोघांपैकी कुणीही डॉक्टर नव्हतं. एका चिनी रसायनतज्ज्ञाची छोटी प्रयोगशाळा मिळाली. कच्चा माल होता म्हशीचं स्वादुपिंड. तयार झालेलं तपकिरी पाणी आधी सशांवर तपासलं, मग इव्हानं स्वतःला टोचून घेतलं. ती जगली आणि शांघायमधल्या इतर मधुमेही निर्वासितांनाही तिनं जगवलं.

एका दुव्याचा फरक

१९५५ मध्ये केंब्रिजमधल्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची रचना पूर्ण उलगडली. हे प्रथिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची माळ आहे. गाईच्या आणि माणसाच्या माळेत तीन मण्यांचा फरक आहे. डुकराच्या आणि माणसाच्या माळेत फक्त एका मण्याचा! ज्या प्राण्याचं नाव घ्यायलाही आपल्या घरात जीभ अडखळते, त्याचं इन्सुलिन माणसाच्या सर्वांत जवळ निघालं. यावर हसावं की विचारात पडावं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. १९६९ मध्ये ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनचा त्रिमितीय आकार शोधला. त्यांच्या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते.

रचना कळली म्हणजे ती बनवण्याची वाट मोकळी झाली. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचा जनुक आतड्यात राहणाऱ्या ई-कोलाय या जिवाणूत बसवला आणि जिवाणू माणसाचं इन्सुलिन बनवू लागला. १९८२ मध्ये ‘ह्युम्युलिन’ या नावानं त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर काही कंपन्यांनी यीस्ट वापरायला सुरुवात केली. तेच यीस्ट, ज्यानं आपला पाव फुगतो. आणि २००३ मध्ये वोखार्ट या कंपनीनं भारतात तयार केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. तिचा प्रकल्प आपल्या औरंगाबादेत. ज्या मराठवाड्यात खालानं बाटली मोरीत ओतली होती, तिथंच वीसेक वर्षांत असं इन्सुलिन बनू लागलं, ज्यात ना गाय होती ना डुक्कर.

अफवा अजून जिवंत आहे

आज आपल्याकडं औषध दुकानात मिळणाऱ्या इन्सुलिनबाबत हराम-हलालचा प्रश्न जवळपास संपला आहे. भीती मात्र संपलेली नाही, तिनं फक्त शब्द बदलले. ‘एकदा सुई लागली की सुटत नाही’, ‘इन्सुलिन म्हणजे शेवटची स्टेज’, ‘डोळे जातात म्हणे त्यानं’. खरं तर डोळे, मूत्रपिंड आणि पाय जातात ते वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं. लोक इन्सुलिन इतकं उशिरा सुरू करतात की, नुकसान आधीच झालेलं असतं आणि दोष सुईवर येतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. त्यातल्या सगळ्यांना इन्सुलिन लागत नाही. पण टाइप १ असलेल्या मुलाला ते श्वासाइतकं लागतं, आणि काढा, कारल्याचा रस किंवा तावीज त्याची जागा घेऊ शकत नाही.

रमजानमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार होतो. २००१ मध्ये १३ मुस्लीम देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप २ चे सुमारे ७९ टक्के आणि टाइप १ चेही सुमारे ४३ टक्के रुग्ण रोजे ठेवत असल्याचं तिच्यात दिसलं. त्या महिन्यात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं होतं. आजारी माणसाला रोजाची सूट आहे, हे आपण सगळेच जाणतो. १९९७ मध्ये जेद्दाहच्या फिकह अकादमीनं पोषणासाठी नसलेल्या, त्वचेखाली घ्यायच्या सुईनं रोजा तुटत नाही, असंही ठरवलं आहे. तरी ‘लोग क्या कहेंगे’ म्हणून सुई टाळणारे आणि इफ्तारला शरबत-खजूर-भजी एकदम खाणारे घरोघर आहेत. रोजा ठेवायचाच असेल तर रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून मात्रा आणि वेळा ठरवून घ्याव्यात, आपल्या मनानं बदलू नयेत. साखर फार खाली गेली तर रोजा सोडावा. त्यात गुन्हा नाही, हे इमामांनी मिंबरवरून सांगायला हवं.

दुसरी अडचण पैशाची आहे. एका डॉलरला दिलेल्या या औषधाची आज जगात तीनच कंपन्यांच्या हाती मोठी बाजारपेठ आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये २१ डॉलरला मिळणारी एका नव्या इन्सुलिनची बाटली वीस वर्षांत अडीचशे डॉलरच्या पुढं गेली. २०१९ मध्ये तिथले रुग्ण बस करून कॅनडात इन्सुलिन आणायला गेले, जिथं त्याचा शोध लागला त्या देशात. आपल्याकडं मानवी इन्सुलिनच्या साध्या बाटलीवर सरकारचं किंमत नियंत्रण आहे, त्यामुळं ती तुलनेनं स्वस्त आहे. पण पेन आणि नवी इन्सुलिनं महाग आहेत. महिन्याच्या शेवटी मात्रा अर्धी करून बाटली पुरवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ‘जरूरत’ हा शब्द कुणी समजावून सांगायची गरज नसते.

आणि एक साधी गोष्ट. आपल्याकडं ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन प्रकारची इन्सुलिन मिळतात. लाल टोपणाची सिरिंज पहिल्यासाठी, नारिंगी टोपणाची दुसऱ्यासाठी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते. म्हणून बाटली घेताना तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा, वाचता येत नसतील तर घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. आमच्या घरात तेव्हा ती कुणी वाचली असती, तर खालाच्या पायाची दोन बोटं कदाचित वाचली असती.